बोक्यासाठी एक खण

यंदाच्या जूनमध्ये एका पहाटे आमच्या घरात पडदा पडला. अलंकारिक नव्हे, खरोखरचा. हॉलमधला, दिवाळीला नवीन शिवून घेतलेला, लोखंडी दांडीसकट. दांडी आधी टीव्हीच्या टेबलावर आपटली, मग फरशीवर, आणि मग गोल गोल फिरत सोफ्याखाली गेली. वेळ पावणेचार-चारची. मी धडपडत उठून लाइट लावला तर पडद्याच्या ढिगाखाली काहीतरी वळवळत होतं. थोड्या वेळानं त्यातून एक पिवळं डोकं बाहेर आलं आणि 'ही दांडी कुणी बसवली?' अशा चेहऱ्यानं माझ्याकडं बघायला लागलं.

मला हसू आवरेना. हसत हसत आईला दाखवायला गेले, तर आई खोलीत नाही. स्वयंपाकघरात नाही. फ्लॅटचं दार सताड उघडं, आणि आई खाली दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात, अनवाणी, कठड्याला धरून उभी. मी आणखीनच हसले. "अगं, डाळ्या होता!" पप्पा तिला धरून वर घेऊन आले आणि जाता जाता मला एवढंच म्हणाले, "हसू नको."

मला तेव्हा काही कळलं नाही. ते पुढं येईलच.

आधी डाळ्याबद्दल. लातूरला माझ्या मामांचं आडतीचं दुकान आहे. लातूर म्हणजे तूर, सोयाबीन आणि डाळमिली. (बाकी महाराष्ट्राला 'लातूर पॅटर्न' तेवढा माहीत असतो. आमच्या गावात दहावीला ऐंशी टक्के मिळाले तर लोक सांत्वनाला येतात. असो.) तर मामांच्या गोदामात रिकाम्या बारदानाच्या थप्पीवर एका मांजरीनं पिल्लं घातली. पंधरा-वीस दिवसांनी तिनं उंदरांचं औषध खाल्लेला उंदीर खाल्ला आणि ती गेली. दोन पिल्लं हमालांनी घरी नेली, एक उरलं. तुरीच्या डाळीसारखं पिवळंधमक. पिवळी मांजरं बहुतेक बोकेच निघतात, हाही निघाला. म्हणून डाळ्या.

मी त्या शनिवारी लातूरला होते. येताना एसटीत मांडीवर बिस्किटाचं खोकं. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, लोहा गेलं, नांदेड येईपर्यंत डाळ्या अखंड ओरडत होता आणि कंडक्टर अखंड विचारत होता, "ताई, लेकराचं तिकीट?"

सध्या कंपनी पुण्यात, मॅनेजर बंगळुरात, क्लायंट अमेरिकेत आणि अस्मादिक नांदेडला भाग्यनगरच्या तिसऱ्या मजल्यावर, आईवडिलांच्या फ्लॅटमध्ये, असा कारभार आहे. पिल्लू लहान होतं तोवर ठीक होतं. माझ्या कीबोर्डवर झोपायचं आणि क्लायंटच्या चॅटमध्ये 'ळळळळळ' पाठवायचं. सहा महिन्यांचं झालं आणि त्याला उंचीचा शोध लागला. फ्रिज. फ्रिजवरून कपाट. कपाटावरून देवघराचा कळस. एकदा एक्झॉस्ट फॅनच्या चौकटीत बसलेला सापडला, तिथवर कसा गेला हे मला अजूनही सांगता येणार नाही. पडदा हा त्याचा हमरस्ता.

आईनं पडद्याच्या दुसऱ्या दिवशी जाहीर केलं, "ह्याला लातूरला नेऊन सोड. गोदामात मोकळा राहील, उंदरं खाईल."

गोदामात उंदीर खाऊन त्याच्या आईचं काय झालं ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. मी म्हटलं, मला एक महिना दे. ती म्हणाली, "पोळ्यापर्यंत."

बाहेर सोडायचा प्रश्नच नव्हता. खाली गल्लीत सात-आठ कुत्र्यांची टोळी आहे. बाल्कनीतून पडायची भीती वेगळी. लोक म्हणतात मांजर कुठूनही पडलं तरी चार पायांवर पडतं. न्यूयॉर्कच्या एका प्राण्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ साली छापला होता. उपचार झालेल्यांपैकी ९० टक्के वाचली म्हणून तो फार गाजला. पण त्यात एक गोम आहे. जी जागीच मेली ती दवाखान्यात आलीच नाहीत, मग त्यांचा हिशेब कुठं? टेस्टिंगवाल्या माणसाला असे आकडे दिले की तो आधी हेच विचारणार. तर डाळ्या घरातच राहणार आणि घरातच चढणार. प्रश्न फक्त कशावर.

वाचलं तेव्हा कळलं की यात त्याची काही चूक नाही. मांजर हा प्राणी अर्धा शिकारी आणि अर्धा शिकार. उंदराला तो खातो, कुत्रं त्याला खातं. म्हणून त्याला अशी जागा लागते की जिथून सगळं दिसेल पण मागून कुणी येणार नाही. नखं घासायला तर लागतंच काहीतरी. अंग पूर्ण ताणून घासता येईल एवढं उंच, म्हणजे निदान अडीच-तीन फूट, आणि मुख्य म्हणजे न हलणारं. हललं की मांजर पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही आणि सरळ तुमच्या सोफ्याकडं वळतं.

आता जुन्या घरात हे सगळं आयतंच होतं की! कोनाडे, फडताळ, मडक्यांची उतरंड, माळा, उघड्या तुळया, वर माळवदात उजेडासाठी ठेवलेलं सवणं. मांजरानं उतरंडीवरून फडताळावर, तिथून तुळईवर आणि सवण्यातून थेट माळवदावर जावं. माणसानं त्याच्यापासून दूध-दही वाचवायला शिंकं टांगावं, आणि त्या शिंक्याचं तुटून बोक्याचं फावलं की त्याची म्हण व्हावी. आमच्या फ्लॅटमध्ये काय आहे? पुट्टी मारून गुळगुळीत केलेल्या भिंती, गुळगुळीत फरशी आणि मॉड्युलर किचन. चढायला फक्त पडदा.

ऑनलाइन बघितलं. मांजरांची झाडं मिळतात, फरची, गुलाबी, वर चेंडू लटकवलेला. जरा बरं दिसणारं काही चार हजारांच्या खाली बोलायलाच तयार नाही आणि उंच घ्यावं तर नऊ-दहा हजार. त्यात रिव्ह्यूंमध्ये निम्म्या लोकांची एकच तक्रार, हलतं. मनात म्हटलं, छे! आपण विष्णुपुरीला श्री गुरू गोबिंदसिंघजी कॉलेजात चार वर्षं मेकॅनिकल शिकलो. बीम, कॉलम, टॉर्शन, सगळं. मग कॅम्पसमध्ये जावात घुसलो ती गोष्ट वेगळी, पण डिग्रीवर अजून मेकॅनिकलच लिहिलंय. एवढं एक झाड नाही जमणार?

पहिला प्रयोग खोक्यांचा. किराणा दुकानातून तेलाच्या पाऊचची खोकी आणली, एकात एक भोकं पाडून चार मजले चढवले, चिकटपट्टी मारली. खर्च साठ रुपये. डाळ्या खूश. दोन दिवसांत त्यानं तिसरा मजला खाल्ला आणि चौथा दुसऱ्यावर आला. खोकी वाईट नाहीत हं, ज्यांना एकदम पैसे घालवायचे नसतील त्यांनी इथूनच सुरुवात करावी. पण जोरात उडी मारणाऱ्या चार किलोच्या बोक्याला ती आठवड्याच्या वर पुरत नाहीत.

दुसरा प्रयोग मात्र मी 'डिझाइन' केला. नव्या मोंढ्याजवळच्या एका दुकानातून चार इंची पीव्हीसी पाइप घेतला, दीड मीटर. "बोअरला का, ताई?" "नाही, मांजरीला." त्यावर काउंटरवरचे काका थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "लग्न झालंय का तुमचं?" असो. फूटभर लांबीरुंदीच्या पत्र्याच्या चौकोनी डब्यात सिमेंट-वाळू ओतून त्यात पाइप उभा केला, पाइपावर सुतळी गुंडाळली, वर प्लायवूडची बैठक. देखणा मनोरा झाला. सुतळीला एक रॉकेलसारखा वास येत होता (ताग मऊ करायला त्याला तेल मारतात, त्याचा तो वास), पण उन्हात दोन दिवस ठेवल्यावर बराच गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी कॉलवर, आई आत आडवी झालेली. डाळ्या मनोऱ्यावर. खिडकीत कबूतर आलं. डाळ्यानं झेप घेतली. खिडकीपर्यंत डाळ्या पोचला आणि मनोरा उलट्या दिशेनं, आईच्या खोलीच्या दारावर धाडकन आला.

नंतर कागदावर हिशेब केला, जो आधी करायला हवा होता. सगळा मिळून वजन नऊ किलो. पाया फूटभर, म्हणजे कडेपासून मध्यापर्यंत पंधरा सेंटिमीटर. उंची दीडशे. नऊ गुणिले पंधरा भागिले दीडशे. म्हणजे वरच्या टोकाला आडवं एक किलोसुद्धा ढकलावं लागत नाही, मनोरा उलटतो. आणि उडी मारणारा बोका मागं किती जोरानं रेटतो ते विचारूच नका. पहिल्या सेमिस्टरचं गणित. सरांनी बघितलं असतं तर डिग्री परत मागितली असती.

पण ते नंतर. त्या क्षणी मी हेडफोन फेकून धावले तर आई पुन्हा जिन्यात. ह्या वेळी तळमजल्यापर्यंत गेलेली. भर दुपारी, शेजारपाजार बघतोय, आणि तिला पदराचं भान नाही. ह्या वेळी मी हसले नाही.

संध्याकाळी तिला नेमकं काय झालं ते न विचारता मी तिसरा आराखडा मांडला, कारण मला वाटलं, अडचण तांत्रिक आहे. मनोरा नकोच, भिंतीवरच फळ्या ठोकू. हॉलच्या भिंतीपासून आईच्या खोलीपर्यंत चढत्या पायऱ्या. जमिनीवर काही नाही म्हणजे पडायला काही नाही. तीस सेंटिमीटर रुंद फळी, मध्ये दीड फुटाचं अंतर, प्रत्येकीला दोन अँकर बोल्ट. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भिंतीवर नको."

"अगं, एकेक बोल्ट पन्नास किलो धरतो."

"बोल्ट धरतोय गं. भिंत?"

"आरसीसीचा सांगाडा आहे आई, भिंतीला काही..."

"माझ्या उशाशी भिंतीवर काही नको म्हणलं ना."

तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की आमच्या घरात कुणाच्याच उशाशी कधी काही नसतं. फोटो नाही, घड्याळ नाही, फळी नाही. आईची कॉट भिंतीपासून हातभर सुटी. मला वाटायचं, झाडायला सोपं जावं म्हणून.

माझा जन्म ९७ चा. ३० सप्टेंबर १९९३ हे माझ्यासाठी शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकातलं एक वाक्य. किल्लारी, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, लातूर आणि उस्मानाबाद जिल्हे, हजारो मृत. आईचं माहेर औसा तालुक्यातलं, हे माहीत होतं. दोन्ही वाक्यं वेगवेगळ्या कप्प्यांत होती, एकमेकांशेजारी कधी ठेवलीच नव्हती मी. २१ मार्च २०२४ ला, सकाळी सहाच्या सुमारास नांदेडला धक्का बसला, केंद्र शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात होतं, तेव्हा मी पुण्याहून फोन केला होता. "काही पडलं का?" "नाही." "बरं मग, माझी मीटिंग आहे." नंतर आठवडाभर आई हॉलमध्ये दारापाशी अंथरूण टाकून झोपत होती, हे पप्पांनी मला आत्ता सांगितलं.

आई त्या रात्री बोलली. फार नाही. भांडी घासता घासता, माझ्याकडं पाठ करून.

"गणपती बुडवून आल्तो. निजायला उशीर झाल्ता. माझी आजी भिंतीकडंच निजायची, गार लागतंय म्हणून. दगडाची भिंत, दोन हात रुंद, मधी नुसता चिखल. मी न् तुझा मामा मधल्या खणात, खांबाच्या कडंला. आवाज आधी आला. मग सगळंच आलं." नळ बंद केला. "आजी दुपारी सापडली."

मी काही बोलले नाही. काय बोलणार?

"उजाडल्यावर बघितलं तर माय, भिंती नव्हत्याच. माळवद एका अंगानं खाली आल्तं. पण खांब उभे. तुळ्या जागच्या जागी. न् वर तुळीवर आमची मांजर बसल्ती. खाली उतरंना. लोक खाली उकरलालेत, रडलालेत, न् ती वरून बघलाली. दोन दिवस उतरली नाही."

रात्री मी त्या भूकंपानंतरचे अभियंत्यांचे अहवाल शोधून वाचत बसले. आईनं चार वाक्यांत सांगितलेलंच तिथं पानंच्या पानं होतं. मातीत रचलेल्या दगडी भिंती, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना न बांधलेला, वर माळवदाच्या मातीचं टनावारी ओझं. भिंती फुगून दोन्हीकडं कोसळल्या. पण जिथं छताचा भार लाकडी खांब-तुळयांच्या खणांवर होता, तिथं पुष्कळ ठिकाणी लाकडी सांगाडा उभा राहिला. भार खांबांनी घेतला होता, भिंत नुसता आडोसा. मी चार वर्षांत शिकलेल्या 'फ्रेम' ह्या शब्दाला माझ्या आजोळी 'खण' म्हणत होते, आणि घर किती मोठं ते खणांवर मोजत होते.

मग डाळ्याला एक खण बांधायचा ठरवला. भिंतीला न शिवणारा, आपल्या पायांवर उभा.

पायाचं काय करायचं? रुंद हवा, जड हवा, स्वस्त हवा. आईच म्हणाली, "मामाकडं घडवंची पडलीय की." ज्यांनी घडवंची बघितली नसेल त्यांच्यासाठी: लाकडाची, चार पायांची, पाय खाली बाहेर फाकलेले, वर फळ्या, खाली आडव्या पट्ट्या. जुन्या घरात तिच्यावर धान्याची पोती, गोधड्या-वाकळा रचून ठेवत. पिढ्यान्पिढ्या क्विंटल क्विंटल ओझं घेऊनही जी हलली नाही, तिच्या पायात काहीतरी अक्कल असणारच. पाय फाकलेले का असतात ते मी माझ्या फसलेल्या मनोऱ्याच्या गणितानंतर सांगू शकते.

शनिवारी आई, मी आणि पप्पा लातूरला गेलो. आई आपण होऊन आली, हे मला विशेष वाटलं. घडवंची मामांच्या माळ्यावर होती. एका पायाला थोडी वाळवी लागलेली, बाकी सागवान ठणठणीत. मामा म्हणाले, "एवढ्या चांगल्या लाकडावर बोका बसवलालीस व्हय?" आणि लगेच स्वतःच पुसायला फडकं आणलं.

दोराची गोष्ट तर भारीच झाली. इंटरनेटवर सगळे सांगतात की नखं घासायला 'सिसल'चा दोर सगळ्यात चांगला. नायलॉन नको, त्यात नख अडकतं. ऑनलाइन सिसल महाग. मी मामांना सिसलचं वर्णन करून सांगत होते, एक काटेरी झाड असतं, जाड लांब पानं, टोकाला काटा, मूळ मेक्सिकोचं... मामा म्हणाले, "केकताड म्हण की."

बरोबर. केकताड! आमच्याकडं बांधाला, रेल्वेच्या कडेला लावलेलं असतं ते घायपात. सिसल त्याचाच सख्खा भाऊ, मेक्सिकोतल्या ज्या बंदरातून जहाजानं जायचा त्या बंदराचं नाव त्याला चिकटलं. केकताडाची पानं पाण्यात कुजवून, झोडपून, त्याचा वाख काढायचा आणि वळायचा. बैलाचं दावं, कासरा, मोटेचं नाडं, सगळं ह्याचंच असायचं, आणि हे काम परंपरेनं मातंग समाजाच्या हाती. आता बाजारात सगळीकडं रंगीत नायलॉन. पण पोळा तोंडावर आलेला, त्यामुळं मामांच्या ओळखीनं वाखाचा दोर वळणारे एक आजोबा सापडले. त्यांना मी खरंच सांगितलं की बोक्याला नखं घासायला पाहिजे. त्यांनी अजिबात हसून न बघता विचारलं, "किती जाड?" बोटाएवढा, म्हटलं. "मग पीळ कडक देतो. ढिला असला तर उचकटून टाकील." अख्ख्या इंटरनेटवर ही सूचना मला कुठं सापडली नव्हती. तीस मीटरचे साडेचारशे घेतले, त्यांनी मागितले तेवढेच दिले. बैलाऐवजी बोक्याच्या नावानं ह्या पोळ्याला एक गिऱ्हाईक वाढलं म्हणाले.

घडवंची टेम्पोत दुसऱ्या मालाबरोबर नांदेडला आली. बाकीचं काम दोन शनिवार-रविवारचं. भंगारातल्या जुन्या दरवाजाच्या चौकटीचे दोन उभे दांडे, खालच्या पट्टीला आणि वरच्या फळीला असे दोन्हीकडं नटबोल्टनं आवळले. वर दोघांना जोडणारी आडवी तुळई. जमिनीपासून पाच फूट. तुळईवर एक बैठक, मध्ये डाव्या-उजव्या बाजूला दोन फळ्या, त्यांवर बारदानाचे तुकडे ठोकलेले. बारदान मामांनी फुकट दिलं. सुतारानं वाळवीचा पाय बदलून, भोकं पाडून दिली त्याचे पाचशे. एकूण खर्च अकराशे ऐंशी, मनोऱ्याचं नुकसान न धरता. ते धरलं तर... जाऊ दे.

दोर गुंडाळायला मी बसले. दहा वेढे घेतले आणि सैल पडले. आई दारातून बघत होती. "सर तिकडं." खाली बसली, पाय खांबाला लावला, दोर कमरेमागून घेतला आणि पूर्ण वजनानं मागं रेलून एकेक वेढा ओढत गेली. तिचे वडील बाज विणायचे, तेव्हा पाय लावून ओढायचं काम हिचं असायचं म्हणे. तीस मीटर दोर तिनं दीड तासात संपवला. मी फक्त हातोडीनं वेढे खाली ठोकत होते. मध्येच म्हणाली, "आजीच्या बाजेला असाच दोर होता." आणि पुन्हा ओढायला लागली.

सगळं झालं. मी वरून दोन्ही हातांनी ढकलून बघितलं. किंचित उचललं. आईला ते दिसलं. ती आत गेली आणि ज्वारीचं तीस किलोचं पोतं फरफटत घेऊन आली. "ही घडवंची हाय. रिकामी कशी ऱ्हाईल?" खालच्या पट्ट्यांवर दोन फळ्या टाकून पोतं ठेवलं. पुन्हा ढकललं. हलायचं नाव नाही. पाया दोन फूट, वजन पंचेचाळीस किलोच्या आसपास. आता वर आडवं नऊ किलो ढकलावं लागेल, म्हणजे मनोऱ्याच्या दहापट. आईनं हे गणित ऐकून घेतलं नाही. तिनं एका खांबाला पाठ लावून जोरात रेटा दिला, दोनदा, आणि मग "हं" म्हणाली.

डाळ्यानं पहिले दोन दिवस त्या खणाकडं ढुंकून पाहिलं नाही. दोर आला होता त्या पिशवीत बसून राहिला. मांजर पाळणाऱ्यांना हे माहीत असेल, मला अपमान वाटला. तिसऱ्या दिवशी पहाटे खरखर खरखर आवाज आला. बाहेर आले तर मागच्या पायांवर उभा राहून, अंग ताणून, खांबाला नखं लावणं चाललं होतं. मग एका झेपेत पहिली फळी, दुसरी फळी, तुळई. आणि वर बसून त्यानं सगळा हॉल बघितला.

आई उठून आली होती. माझ्या मागं उभी होती. घड्याळात चार वाजायला आले होते. ती थोडा वेळ वर बघत राहिली आणि म्हणाली, "उतरतोय का बघ."

"उतरेल की."

"नाही, बघ तू."

दोघी बसलो सोफ्यावर. पाचेक मिनिटांनी डाळ्यानं जांभई दिली, तुळईवरून फळीवर, फळीवरून पोत्यावर आणि पोत्यावरून खाली आला, आणि दूध कुठंय म्हणून ओरडायला लागला. आई स्वयंपाकघरात गेली.

पोळा होऊन गेला. लातूरला सोडायचं पुन्हा कुणी काढलं नाही. आईची कॉट अजून भिंतीपासून हातभर लांबच आहे आणि मी आता तिच्या पलीकडून झाडते. ज्वारी दळायला काढली की पोतं हलकं होतं, म्हणून ती त्यात परत भरते, पप्पा म्हणतात ह्या घरात माणसांपेक्षा बोक्यासाठी जास्त ज्वारी येते.

पुढच्या शनिवारी बाल्कनीला जाळी. कबुतरांचा बंदोबस्त केल्याशिवाय ह्या गड्याचं काही खरं नाही.